ओढून बघितलं का?

६ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. हा नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. सकाळपासून तीनदा फरशीवर पालथी पडून टेबलाखालच्या वायरी बघत होते, त्यातला एक तुझ्या नावाने धर.

फोन करू नका, ऐकू येत नाही, नुसता हॅलो हॅलो ओरडत बसतो आणि शेजारी जमा होतात, असं तू पोस्टकार्डावर लिहिलंस. म्हणून हे पत्र. आई म्हणते, बरं झालं, आता निदान समोरच्याचं पूर्ण ऐकून घेईल.

माझं काम असं आहे. मी एक रिग घेतलंय, जुनंच, चष्म्याच्या दुकानातल्या माझ्या मैत्रिणीच्या भावाकडून. रिग म्हणजे लोखंडी पट्ट्यांची उघडी चौकट आणि तिच्यावर ओळीने उभी केलेली सहा ग्राफिक कार्डं. ही कार्डं दिवसभर गणितं सोडवत बसतात आणि त्याबद्दल क्रिप्टोची नाणी मिळतात. नाणी म्हणजे पडद्यावरचे आकडे. हातात येत नाहीत आणि वाजतही नाहीत. आईला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती "हो का" म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

सगळ्या कार्डांना वीज देणारा एकच मोठा पॉवर सप्लाय आहे, आणि दुखणं तिथेच आहे असं मला वाटतं. चार कार्डं लावली की दिवसभर सुरळीत चालतं. पाचवं लावलं की तास-दीड तास. सहावं लावलं की वीस मिनिटांत फट्कन सगळं बंद. पंखे थांबतात, दोन क्षण शांतता, आणि मग आपोआप पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.

रिग माझ्या खोलीत आहे, आईच्या पलंगाच्या भिंतीला लागून. ती म्हणते, भिंतीत कोणीतरी मधमाश्या पाळल्यात. विकणाऱ्याने तुला मामा बनवलं का, असंही विचारून झालं. मी म्हटलं, आपल्याकडे एक आहे तेवढा पुरे.

तर आता तूच सांग. नवा सप्लाय घेऊ का?

तुझी,
टेस्टर

११ फेब्रुवारी

चि. टेस्टर,

अनेक आशीर्वाद, आणि एक शिवी राखून ठेवतो. ती कुठे लागते ते पुढे बघू.

नाव बरं लक्षात ठेवलंस. एवढीशी होतीस, माझा टेस्टर केसांत खोचून घरभर फिरायचीस आणि मी स्टुलावर उभा राहून शोधत बसायचो.

न वाजणाऱ्या नाण्यांचं मला काही वाटलं नाही. मला हल्ली खरी नाणी वाजलेलीही ऐकू येत नाहीत. पण वीज ती वीज. छापखान्यातलं मशीन असो की तुझं हे गणितवालं, ती काही माणूस बघून वेगळी वागत नाही.

नवा सप्लाय घेऊ का, म्हणे! ही ती शिवी. आधी दोष शोध, मग खरेदी कर. निम्मं-निम्मं करून बघ. पहिली तीन कार्डं लाव, मग ती काढून दुसरी तीन. दोन्हीकडे चाललं तर कार्डं निर्दोष. मग वायरी अदलाबदल कर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर काय कशाने बरं झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

सप्लायपासून कार्डापर्यंत जिथे जिथे जोड आहे तिथे बोट लाव. गरम लागला तो चोर. आधी सगळं बंद कर, हे तुला सांगायला नको, तरी सांगतो. आणि प्रत्येक वायर ओढून बघ. स्क्रू पिळला म्हणजे सांधा झाला असं नाही. ओढल्यावर जागची हलली नाही, तर सांधा. चौतीस वर्षं छापखान्यात हेच केलं आणि माझा एकही सांधा आजवर सुटलेला नाही. तुमच्या घराचं वायरिंगही मीच केलंय, जोडांचे बारा डबे, प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आत पेन्सिलने तारीख घातलीय. इतक्या वर्षांत एकदा तरी बोलावलंत का मला?

इकडे एक गंमत झाली. तंत्रशाळेचे मुख्याध्यापक घरी आले होते. पोरांना वायरिंगचे सांधे शिकवा म्हणतात, आठवड्यातून दोन दिवस. मी म्हटलं, पोरं काय विचारतात ते मला कळायचं कसं? ते म्हणाले, फळ्यावर लिहून विचारतील. अजून हो म्हटलेलं नाही. बहिऱ्याला बघून पोरं पाठीमागे काय काय बोलतील, आपल्याला काय कळणार!

तुझा,
मामा

१७ फेब्रुवारी

ती. मामा,

आधी तुझं. पोरं पाठीमागे बोलली तर तुला ऐकू येणार नाही, म्हणजे तुझ्याइतका सुखी मास्तर दुसरा नाही. हो म्हण. आईचाही निरोप हाच आहे, फक्त तिच्या भाषेत. तो मी लिहीत नाही.

आता माझं. निम्मं-निम्मं केलं. कार्डं सहाही निर्दोष. मग बोट लावत गेले आणि चोर सापडला! प्रत्येक कार्डाखाली रायझर नावाची एक छोटी पट्टी असते, तीही सप्लायकडून वीज खाते. विकणाऱ्याने एकाच बारीक वायरीवर अशा तीन पट्ट्या लटकावल्या होत्या. त्या वायरीच्या टोकाचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन बसलं होतं, वासही येत होता. मी प्रत्येक पट्टीला वेगळी वायर दिली. सगळं ओढून बघितलं, मामा. एकूण बावीस जोड. तुझी शपथ.

रिग सुरू केलं. एक तास झाला, दोन झाले, चार झाले. आईला म्हटलं, बघ! ती बघायला दारात आली आणि फट्कन बंद.

मग सप्लाय काढून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने दिवसभर त्याच्या बाकावर सहा कार्डांएवढा भार टाकून चालवला. एकदाही बंद पडला नाही. "ताई, याला काहीही झालेलं नाही, घरी घेऊन जा," म्हणाला, दवाखान्यातून पेशंट घरी पाठवतात तसा. घरी आणला, लावला, पंचवीस मिनिटांत बंद.

आता माझी अक्कल संपली.

टेस्टर

२२ फेब्रुवारी

चि. टेस्टर,

शाब्बास. तपकिरी प्लॅस्टिक शोधलंस ते बेष्ट काम केलंस. एका दुखण्याखाली दुसरं दुखणं लपलेलं असतं, असं कितीदा होतं.

दुकानात चालतो, घरात पडतो, याचा अर्थ सप्लाय आजारी नाही, त्याला पोटभर मिळत नाही. आता भिंतीतून येणारी वीज मोज. पार्सलमधून माझा काट्याचा मीटर पाठवतोय. आकडेवाला नको, आकडा सरासरी सांगून मोकळा होतो. काटा खोटं बोलत नाही, वीज डळमळली की तो थरथरतो. रिग सहा कार्डांवर चालू ठेव आणि त्याच बोर्डाच्या मोकळ्या भोकात मीटर लावून अर्धा तास काट्याकडे बघत बस. मग रिग स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर लाव आणि तिथेही बघ.

काटा हलला तर वीज कंपनीला कळव, खांबावरची जोडणी ढिली असणार. घराच्या वायरिंगच्या मागे लागून वेळ घालवू नकोस. ते माझं आहे.

शाळेला हो म्हटलं. तू आणि तुझी आई दोघी मागे लागलात म्हणून नाही. रात्रभर विचार केला, की मला येतं काय? भाषण येत नाही, इंग्रजी पुस्तक वाचता येत नाही, आता ऐकूही येत नाही. पण माझा सांधा सुटत नाही, हे मी कुणाच्याही डोळ्याला डोळा देऊन सांगू शकतो. तेवढ्यावर शिकवीन. पंधरा मार्चला पहिला तास. तुझ्या मामीने नवा शर्ट आणलाय, कॉलर इतकी कडक की मान वळत नाही.

मामा

२७ फेब्रुवारी
(हे पाठवलं नाही)

ती. मामा,

काटा थरथरला. माझ्या खोलीत, वीस मिनिटांनी, आधी थोडा आणि मग पानासारखा. स्वयंपाकघरात रिग सहा तास चाललं आणि काटा जागचा हलला नाही. म्हणजे खांब नाही, मामा. खांबावरून येणारी वीज स्वयंपाकघरातही तीच आहे.

मेन बंद करून माझ्या दारावरचा डबा उघडला. आतला एक सांधा काळा पडलाय. कनेक्टर वितळून वाकलाय आणि भिंतीचा पोपडा तपकिरी झालाय. स्क्रू अर्धाच पिळलेला. मी दोन बोटांनी वायर ओढली आणि ती सहज हातात आली, दाणीतून उदबत्ती काढावी तशी.

इतकी वर्षं तिथे एक पंखा आणि एक दिवा होता, म्हणून निभावलं. मी सहा कार्डं टांगली आणि ते उघडं पडलं. याच्या पलीकडे हातभर अंतरावर आईची उशी आहे.

हे तुला कसं सांगू? पंधरा तारखेला तू नवा शर्ट घालून उभा राहणार आहेस

२८ फेब्रुवारी

ती. मामा,

सा. नमस्कार. कळवायला आनंद होतो की रिग आता नीट चालू आहे. शेवटी सप्लायच बदलला. मीटर परत पाठवत आहे, सांभाळून ठेव. आई बरी आहे. पंधरा तारखेच्या तासाला शुभेच्छा. नवा शर्ट एकदा धुऊन घे, कॉलर मऊ होईल.

टेस्टर

४ मार्च

टेस्टर,

आत्ता औषधवाल्याच्या दुकानातून तुला फोन करून आलो. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, येणारही नव्हतं. मी सांगायचं ते सांगितलं: मेन बंद कर, आईला बाहेरच्या खोलीत झोपव, कुठल्याही डब्याला एकटीने हात लावू नकोस. औषधवाल्याने खुणेने सांगितलं की पलीकडे कोणीतरी रडतंय. मग दुसरं कोणीतरी ओरडतंय, असंही सांगितलं. ते तुझी आई असणार.

मामाला मामा बनवायला निघालीस?

"कळवायला आनंद होतो." हे काय, वीज कंपनीचं पत्र आहे का? तू मला आजवर असं कधी लिहिलंस? दुकानदार म्हणतो सप्लायला काही झालेलं नाही, आणि तू सप्लाय बदलून मोकळी. काटा हलला की नाही, अक्षर नाही. पण ते सोड. मागच्या पत्रात बावीस जोड ओढून बघितलेस म्हणून शपथ घेतलीस. या पत्रात सगळं आहे, ओढून बघितलं एवढंच नाही. तू पहिल्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हा फोनवर मला काय म्हणालीस? "मामा, ओढून बघितली, पक्की आहे." ती पोरगी ते लिहायचं विसरत नाही. लिहिलं नाही, म्हणजे तिने ओढलं आणि हातात आलं.

माझा सांधा सुटला. होय ना?

तू मला जपायला गेलीस, ते कळलं मला. त्याबद्दल डोळ्यांत पाणीही आलं, खोटं कशाला बोलू. पण वेडे, तू तो एक सांधा नवा केला असशील आणि गप्प बसलीस. बाकीच्या अकरांचं काय? एक सुटू शकतो तर अकराही सुटू शकतात. माझी बहीण त्यांच्या मधोमध झोपते. माझी लाज राखायला तू तिला तिथे झोपवलंस? रागावलोय मी तुझ्यावर. माझ्यावर त्याहून जास्त.

चांगला वायरमन बोलाव आणि त्याच्यासमोर सगळे उघड. स्वयंपाकघरात दोन, न्हाणीबाहेर एक, जिन्याखाली एक, तुझ्या आईच्या पलंगामागे एक, बाहेरच्या खोलीत तीन, पडवीत एक, मेनजवळ दोन. प्रत्येक वायर ओढायची. मग मला खरं लिही, कितीही असोत.

आणि त्या सुटलेल्या डब्याच्या झाकणातली तारीख कळव. त्या दिवशी मी काय करत होतो ते मला आठवून बघायचंय. फोरमनशी भांडून आलो असेन, नाहीतर दमलो असेन. काहीतरी असेलच.

शाळेत जाऊन नाही म्हणून आलो. मुख्याध्यापक बोलत होते, मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

मामा

७ मार्च

ती. मामा,

फोनवर मी काय बोलले ते तुला ऐकू आलं नाही, म्हणून लिहिते. मी म्हणाले, "मामा, चुकले." चार वेळा म्हणाले. मग आईने फोन ओढून घेतला आणि ती काय म्हणाली ते विचारू नकोस, त्यातलं निम्मं तुला होतं आणि निम्मं मला.

तू बोललास ते खरं आहे. मला वाटलं, मी तुझ्यासाठी करतेय. आईच्या उशीचा विचार माझ्या डोक्यात आला होता, मी तो लिहिलाही होता, आणि तरी पाकिटात दुसरंच पत्र घातलं. ते न पाठवलेलं सोबत जोडते. पूर्ण नाही, पण खरं आहे.

आता अकरा. काल वायरमन आला होता. आई स्टूल धरून उभी होती, मी झाकणं सांभाळत होते, तो ओढत होता. पहिला ओढला, हलला नाही. दुसरा, तिसरा. जिन्याखालचा ओढताना त्याने भिंतीला पाय लावला, तरी नाही. आईच्या पलंगामागचा त्याने दोनदा ओढला, मग तिला स्वतःला ओढायला लावला, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. अकराच्या अकरा, मामा, जागचे हलले नाहीत. वायरमन हात पुसत विचारतो, "हे कोणी केलंय? हल्ली असं कोणी करत नाही." आई म्हणाली, "माझ्या भावाने." इतक्या रुबाबात म्हणाली, तू ऐकायला हवं होतंस. बरं, बघायला तरी.

झाकणांवरच्या तारखा सगळ्या ओळीने आहेत, एका महिन्यातल्या. फक्त बारावी, माझ्या दारावरची, वेगळी. ती वाचून मी झाकण आईकडे दिलं. ती पलंगावर खाली बसली.

मामा, ती माझी जन्मतारीख आहे.

आईने मग सगळं सांगितलं. बाबा फिरतीवर होते. येणाऱ्या बाळाच्या खोलीत पंखा हवा म्हणून तू स्टुलावर चढला होतास, आणि खालून शेजारीण ओरडली, "मुलगी झाली!" तू दवाखान्यात पोहोचलास तेव्हा तुझ्या एकाच पायात चप्पल होती आणि खिशात उघडा स्क्रू ड्रायव्हर. नर्सने तो काढून घेतला, मगच मला तुझ्या हातात दिलं. तारीख आधीच घातलेलं झाकण दुसऱ्या दिवशी येऊन तू नुसतं लावून गेलास.

म्हणजे तो सांधा अर्धा राहिला तो माझ्यामुळे. शिवी द्यायची तर मला दे.

जळका कनेक्टर पाकिटात घातलाय, कापसात गुंडाळून. दारावरचा सांधा नवा करताना वायरमन तो टाकून देत होता, मी मागून घेतला. शाळेत परत जा. कॉलर धुतली का?

टेस्टर

१६ मार्च

चि. टेस्टर,

अनेक आशीर्वाद. शिवी आज नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. तारखेपर्यंत वाचलं आणि पानावरून उठलो. तुझ्या मामीने विचारलं काय झालं, मी कागद तिच्यापुढे धरला. तीही उठली. भात तसाच राहिला.

इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या हातून चूक झाली तर ती आळसाने होईल नाहीतर रागाने. त्यासाठी मी किती सांभाळलं! आनंदाने होईल हे काही डोक्यात आलं नव्हतं. चूक ती चूकच, तिला मी माफी देत नाही. पण आता ती मला ओळखीची वाटते.

शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना म्हटलं, माझा एक सांधा सुटलाय, तरी चालेन का? त्यांनी कागदावर लिहिलं, "आता जास्त चालाल." शहाणा माणूस आहे.

काल पहिला तास झाला. पंचवीस पोरं-पोरी. कॉलर कडकच होती. भाषणबिषण केलं नाही. कापूस उलगडला आणि तुझा जळका कनेक्टर पहिल्या बाकावर ठेवला, म्हटलं, हातात घ्या, वास घ्या, पुढे द्या. तो फिरत फिरत शेवटच्या बाकापर्यंत गेला तोवर कोणी जागचं हललं नाही. मग एक मुलगी उठली, फळ्यावर लिहिलं: "हा कोणी केला?"

मी म्हटलं, मी.

वर्ग एकमेकांकडे बघायला लागला. तिने खडू खाली ठेवला नाही. विचार करून लिहिलं: "तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

मी म्हटलं, त्या दिवशी मी मामा झालो.

सगळा वर्ग हसला. त्यांना वाटलं, मास्तरला त्या दिवशी कोणीतरी फसवलं. ऐकू नाही आलं, पण पंचवीस तोंडं हसताना दिसली. मी समजावून सांगितलं नाही. मीही हसलो, आणि त्यांना म्हटलं, आता पक्कड घ्या.

रिग खुशाल सहा कार्डांवर चालव. त्याआधी दारावरचा तो नवा सांधा एकदा ओढून बघ आणि मला तसं लिही.

तुझा,
मामा